सहगुणकातला 'सह' कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: मुलीच्या बीजगणितात कोएफिशियंटला 'सहगुणक' म्हटलंय, भौतिकशास्त्रात मात्र 'घर्षण गुणांक'. इंग्रजीत एकच शब्द, मग मराठीत दोन कशाला? आणि 'सह' म्हणजे कुणाबरोबर?

'सह'पासूनच सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथं आहे. ५कख हे पद घ्या. यात 'कख'चा सहगुणक ५. पण नुसत्या 'ख'चा विचारलात तर उत्तर ५क. म्हणजे 'सहगुणक किती?' एवढंच विचारून भागत नाही, 'कशाचा?' हेही सांगावं लागतं. शेजारी किंवा जावई यांच्यासारखा हा नात्याचा शब्द आहे. एकटा माणूस कुणाचाच शेजारी नसतो.

पोरं अडतात ती दोन ठिकाणी. 'क्षवर्ग − क्ष + ३' यात क्ष च्या पुढं आकडा दिसत नाही, म्हणून बिनदिक्कत ० लिहून मोकळी होतात. तो −१ आहे, चिन्हासकट. ० असतो तो गैरहजर पदाचा: 'क्षघन − २क्ष + ५' सहगुणक रूपात (१, ०, −२, ५) असं लिहायचं. मधलं ते ० राहिलं की संश्लेषक भागाकाराची (म्हणजे नुसते सहगुणक मांडून करायच्या भागाकाराची) पुढची सगळी मांडणी चुकलीच म्हणून समजा.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'सोबतीनं घडवून आणणारा' असाच. तो गणितात आणण्याचं श्रेय फ्रान्सच्या फ्रांस्वा व्हिएतला (१५४०–१६०३) देतात. आपल्याकडं भास्कराचार्यांच्या बीजगणितात 'या ५ रू ८' अशी मांडणी दिसते. 'या' म्हणजे यावत्तावत्, अर्थात अव्यक्त राशी, आणि 'रू' म्हणजे रूप, सुटी संख्या. यातला 'या'नंतरचा ५ हाच आपला सहगुणक, पण त्याला तेव्हा एक ठरीव नाव नव्हतं. गुणक, अंक, प्रकृती, प्रसंग पडेल तसा शब्द.

आता 'गुणांक'. सरळ फोड केली तर गुणण्याचा अंक. पण मराठीत 'गुण' म्हणजे गुणधर्मही, आणि भौतिकशास्त्रात तोच अर्थ कानाला आधी लागतो. मला हा शब्द तिथं आवडतो तो यासाठीच. पोलादाचा रेषीय प्रसरणांक, म्हणजे एक अंश तापल्यावर दर मीटरमागं किती मीटर लांबी वाढते ते सांगणारा गुणांक, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२. रेल्वेचा १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला, तर १३ × ०.००००१२ × ३० म्हणजे साधारण ४.७ मिलिमीटर लांबतो. ॲल्युमिनियमचा असता तर जवळजवळ दुप्पट लांबला असता. इथं आकडा नुसता क्ष ला चिकटलेला नाही, तो त्या धातूचा स्वभाव सांगतो.

घर्षण गुणांकाची, म्हणजे दोन पृष्ठभागांमधलं घर्षण त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या किती पट ते सांगणाऱ्या आकड्याची, गंमत मात्र निराळी. तो एका वस्तूचा नसतोच, जोडीचा असतो. 'रबराचा घर्षण गुणांक' हे अर्धवट वाक्य झालं, रबर कशावर? कोरड्या डांबरावर टायरचा ०.७ च्या आसपास असेल, पण पहिल्या पावसात धूळ आणि तेलाचा राडा झाला की तोच टायर, तोच रस्ता, आणि आकडा धाडकन खाली. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याची आठवण येते. म्हणजे नाव गुणांक, पण वागणं सहगुणकाचं!

नुसत्या '-अंक' या शेपटीवर मात्र भरवसा ठेवू नका. उत्कलनांक आणि द्रवणांक ही तापमानं आहेत, त्यांनी कशाला गुणायचं नसतं. घातांक तर क्ष च्या डोक्यावर बसतो. बुद्ध्यांकाचा या घराण्याशी संबंध नाही.

'स्थिरांक' आणि 'गुणांक' यांतही गल्लत होते. गुरुत्व स्थिरांक इथं-तिथं सगळीकडं तोच. प्रसरणांक पदार्थागणिक वेगळा, शिवाय तापमानानुसारही थोडाफार बदलणारा. पण हाही नियम पक्का समजू नका. स्प्रिंगचा स्थिरांक दर स्प्रिंगला वेगळा असतो, तरी त्याला स्थिरांकच म्हणतात.

तेव्हा मुलीला सांगा, बीजगणितात 'सहगुणक' लिही, भौतिकशास्त्रात 'गुणांक', आणि दोन्हीकडं आधी विचार: कशाचा?