आधी निर्धोक जमीन, मग स्मारक

फ्रान्समधल्या व्हर्दँच्या रणभूमीचं जंगल कसं झालं, याची छोटी नोंद आम्ही नुकतीच दिली होती. 21 फेब्रुवारी 1916 ते त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत तिथे फ्रेंच आणि जर्मन फौजा झुंजल्या आणि दोन्हीकडची मिळून सुमारे तीन लाख माणसं मेली. त्या नोंदीवर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

रणभूमीवर शांतीउद्यान करायचं तर पहिली कुदळ कुठे मारतात? सगळे बॉम्ब काढल्यावरच बाग होते का? (वाचक, मिरज)

सुरुवातीला बराच काळ कुदळ मारतच नाहीत. पहिलं काम कागदावर होतं. खंदकांचे जुने नकाशे, तोफखान्याच्या नोंदी, लढाईच्या काळात विमानातून घेतलेले फोटो हे सगळं आजच्या नकाशावर बसवून मारा कुठे दाट होता ते काढतात. त्यावर उद्यानाचा आराखडा ठेवला की जागेचे चार प्रकार पडतात: माणसं चालणार ती जागा, झाडं लावायची ती, पाया खोदायचा ती, आणि जिथे कुणालाच जाऊ द्यायचं नाही ती. जमीन किती खोल तपासायची हे या वापरावर ठरतं. पायवाटेला वरचा थर पुरतो. झाडासाठी खड्ड्याच्या तळाच्याही खाली पाहावं लागतं आणि इमारतीसाठी पायाच्या खाली.

मग दोरी लावून साधारण एक मीटर रुंदीचे पट्टे आखतात. एका पट्ट्यात एकच माणूस असतो आणि शेजारच्यापासून ठरलेलं अंतर राखतो. डिटेक्टरचा (धातू जवळ आला की वाजणाऱ्या यंत्राचा) प्रत्येक फेर आधीच्या फेरावर थोडा चढायला हवा, नाहीतर मधली चिंचोळी पट्टी तशीच राहून जाते. आवाज आला की खूण करायची आणि थोडं मागून, बाजूने तिरकं खणत जायचं; वरून सरळ टोकरायचं नाही, कारण वरचा दाब थेट फ्यूजवर, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळीवर, जाऊ शकतो. गोळा दिसला की खणणाऱ्याचं काम संपलं. तो हलवायचा की जागीच उडवायचा हे बॉम्बनाशक पथक ठरवतं. शेवटी दुसरी तुकडी काही पट्टे निवडून पुन्हा तपासते. पहिल्याच तुकडीने स्वतःचं काम तपासलं तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही.

यात घोटाळे होण्याची ठरलेली ठिकाणं आहेत. जिथे तोफांचा मारा झाला तिथे माती लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेली असते आणि डिटेक्टर सतत वाजतो. कंटाळून त्याची संवेदनशीलता कमी केली की खरा गोळाही सुटतो. कोकणातल्या जांभ्यासारख्या लोहयुक्त मातीत तर तुकडे नसतानाही यंत्र फसतं, म्हणून त्याच जागेच्या मातीत ते आधी जुळवून घ्यावं लागतं. खोल गेलेल्या विमानी बॉम्बसाठी मॅग्नेटोमीटर वापरतात, पण त्याला फक्त लोखंड कळतं. पितळ, ॲल्युमिनियम नाही. गंजलेला गोळा निरुपद्रवी दिसतो, ही सर्वात घातक समजूत. काही जुन्या गोळ्यांत पिक्रिक आम्ल ही स्फोटक दारू आहे. त्याचा धातूशी संयोग होऊन जे क्षार बनतात ते मूळ दारूपेक्षाही धक्क्याला हळवे असतात. विषारी वायूचे गोळे बाहेरून इतरांसारखेच दिसतात, म्हणून सगळ्यांना त्याच सावधगिरीने हाताळायचं.

नंतर होणारी एक चूक विशेष सांगावीशी वाटते. उद्यान उघडल्यावर काही वर्षांनी कुणीतरी दिव्यांची केबल टाकायला चर खणतो किंवा बाक रोवतो. तपासणी झालेली असते ती मूळ आराखड्यापुरती. खोली किंवा जागा बदलली की ती संपली. म्हणून तपासणीचा नकाशा देखभाल कार्यालयात कायम हाताशी हवा आणि खणण्याची प्रत्येक परवानगी त्यावरूनच द्यायला हवी.

सगळे बॉम्ब निघत नाहीत. हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि पुरलेली वस्तू दरवर्षी थोडी वर सरकते. वादळात झाड उन्मळलं तर मुळांबरोबर गोळा वर येतो. फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत पहिल्या महायुद्धाचे गोळे आजही नांगराला लागतात आणि ते उचलायला सरकारी पथकं सतत फिरत असतात.

व्हर्दँची जमीन शेतकऱ्यांना परत का दिली नाही? एवढी सुपीक जमीन जंगलाला का? (वाचक, निफाड)

कारण ती सुपीक राहिली नव्हती. युद्धानंतर फ्रेंच सरकारने नुकसानीप्रमाणे जमिनीचे रंग ठरवले. सर्वात वाईट ती लाल पट्टी. ती दुरुस्त करायला जमिनीच्या किमतीहून जास्त खर्च येणार होता, म्हणून सरकारने ती विकत घेतली. व्हर्दँभोवतीची नऊ गावं नकाशावरून पुसली गेली. त्यांतली सहा पुन्हा वसलीच नाहीत, तरी त्यांना आजही महापौर नेमला जातो. फ्लरी हे त्यांतलंच. आज तिथे खड्ड्याखड्ड्यांच्या गवतातून पायवाटा आहेत आणि बेकरी, शाळा, लोहाराचं घर कुठे होतं हे सांगणाऱ्या खुणा.

उरलेल्या जागेवर झाडं लावली, सुमारे 3 कोटी 60 लाख. बहुतेक सूचिपर्णी, त्यात ऑस्ट्रियन काळा पाइन बराच, कारण उलथापालथ झालेल्या, चुनखडी वर आलेल्या मातीत तो तगतो. पण एकाच जातीचं, एकाच वयाचं जंगल वादळाला आणि किडीला लवकर बळी पडतं. त्यामुळे नंतरच्या दशकांत ते टप्प्याटप्प्याने काढून बीचसारखी रुंद पानांची झाडं येऊ दिली. कापणीतही अडचण आहे: खोडात धातूचे तुकडे रुतलेले असतात, करवतीचं पातं त्यावर आपटून तुटतं.

मातीचं विष हा वेगळाच भाग. व्हर्दँच्या ईशान्येला स्पँकूरजवळच्या जंगलात युद्धानंतर सुमारे दोन लाख रासायनिक गोळे जाळून नष्ट केले. त्यांत आर्सेनिकची संयुगं होती. त्या लहानशा मोकळ्या जागेत काही ठिकाणी आर्सेनिक मातीच्या वजनाच्या 17 टक्क्यांपर्यंत आढळलं. तिथे एक लवदार गवत, एक शेवाळ आणि एक दगडफूल एवढंच तग धरून होतं. म्हणून माती तपासताना आर्सेनिक, शिसं, तांबं आणि जस्त या चारही गोष्टी पाहायला हव्यात. नमुने वरच्या थरातून आणि खालून असे वेगवेगळे घ्यायचे. युद्ध जिथे झालं तेवढीच जागा तपासून भागत नाही. गोळे साठवले, फोडले, जाळले त्या जागा अनेकदा जास्त विषारी असतात.

खंदक आणि गोळ्यांचे खड्डे बुजवावेत की जपावेत? (वास्तुकलेची विद्यार्थिनी, पुणे)

जपावेत. सपाट हिरवळ केली की तिथे काय झालं हे सांगायला फक्त पाटी उरते. पण खंदक ही मुळात काही महिन्यांसाठी खणलेली गोष्ट आहे. लाकूड कुजतं, पाऊस कडा ढासळवतो, पाहुण्यांची पावलं उरलेलं करतात.

उत्तर फ्रान्समधल्या व्हिमीच्या टेकडीवर याचे दोन उपाय शेजारीशेजारी दिसतात. एप्रिल 1917 मध्ये कॅनडाच्या फौजेने ती टेकडी घेतली आणि 1922 मध्ये फ्रान्सने स्मारकासाठी ती जागा कॅनडाला दिली. 1920च्या दशकात तिथल्या काही खंदकांच्या भिंतीला वाळूच्या पोत्यांच्या जागी काँक्रीटने भरलेली पोती लावली. ती आजही उभी आहेत आणि पाहुणे त्यांतून चालतात. पण हे खंदक आता टोकदार, नेटके दिसतात. चिखल, उंदीर, साचलेलं पाणी यांची कल्पना येत नाही. म्हणून असा एकच छोटा भाग करावा आणि बाकीचे गवताखाली मऊ होऊ द्यावेत. व्हिमीत या दुसऱ्या भागात माणसांना बंदी आहे, कारण न फुटलेले गोळे तसेच आहेत. तिथलं गवत मेंढ्या चरून आखूड ठेवतात. मेंढीचं वजन कमी, ती खड्ड्याच्या उतारावरही चढते आणि कुणाला यंत्र घेऊन आत शिरावं लागत नाही. गवत नुसतं वाढू दिलं तर झुडपं येतात, त्यांची मुळं कडा फोडतात.

दगडी बांधकामाबद्दल एकच गोष्ट: पाण्याचा निचरा. व्हिमीचं स्मारक 1936 मध्ये उघडलं. त्यावर फ्रान्समध्ये बेपत्ता झालेल्या 11,285 कॅनेडियन सैनिकांची नावं आहेत. दगडाच्या आत पाणी झिरपत राहिलं, क्षार बाहेर आले आणि नावं झिजली. मोठी डागडुजी करून 2007 मध्ये ते पुन्हा खुलं करावं लागलं. आपल्याकडच्या पावसात तर नाव कोरण्याआधी पाणी कुठून जाणार ते ठरवावं.

युद्धस्मारक आणि शांतीउद्यान यांत फरक काय? (वाचक, अकोला)

स्मारक सहसा एका बाजूचं असतं. शांतीउद्यानात दुसऱ्या बाजूला जागा ठेवावी लागते. बेल्जियममधल्या मेसेनला 1998 मध्ये उघडलेल्या आयर्लंडच्या शांतीउद्यानात 32 मीटर उंचीचा गोल मनोरा आहे. आयर्लंडमधल्या जुन्या इमारतींचे दगड आणून तो बांधला. 1917 मध्ये तिथे कॅथलिक बहुसंख्य आणि प्रोटेस्टंट बहुसंख्य अशा दोन आयरिश डिव्हिजन शेजारीशेजारी लढल्या होत्या आणि पुढे त्याच दोन समाजांत दशकानुदशकं रक्त सांडलं. त्यांचा एकत्र मान तिथे राखला आहे.

ओकिनावात शत्रूचीही नावं कोरली आहेत म्हणतात. ते कसं जमवलं? पानिपतला असं करता येईल का? (वाचक, कोल्हापूर)

जपानच्या ओकिनावा बेटावर 1945 मध्ये 1 एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत लढाई चालली. शेवट झाला तो दक्षिण टोकाच्या माबुनी टेकडीवर. तिथे 23 जून 1995 रोजी ‘शांतीची कोनशिला’ उघडली. समुद्राकडे पसरलेल्या, घडीच्या पडद्यासारख्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती, त्यांवर 2 लाख 40 हजारांहून अधिक नावं: ओकिनावाचे नागरिक, जपानी सैनिक, अमेरिकन, ब्रिटिश, तैवानी, कोरियन.

कारागिरीपेक्षा इथे यादीचं काम मोठं होतं. निकष आधी ठरवले. ओकिनावाच्या रहिवाशांसाठी 1931 पासूनच्या युद्धकाळातले मृत्यू धरले, इतरांसाठी ओकिनावाच्या लढाईतले. स्थानिक नावं गावाप्रमाणे लावली, म्हणजे एका घरातली माणसं जवळजवळ येतात. नाव ज्याच्या त्याच्या लिपीत आहे. पूर्ण कुटुंबच मेल्यामुळे ज्या बाळांची नावं कुणालाच आठवत नव्हती, त्यांची नोंद ‘अमक्याचा मोठा मुलगा’, ‘अमकीचं मूल’ अशी आहे. भिंतीवर रिकामी जागा ठेवली आहे आणि दरवर्षी 23 जूनच्या आधी नवी नावं कोरली जातात. ही रिकामी जागा आराखड्यातच हवी. नंतर जोडलेली पाटी नंतर आलेल्यांना दुय्यम ठरवते.

वादही झाले. दोन्ही बाजूंचे सेनापती त्या लढाईत मेले, त्यांचीही नावं तिथे आहेत, आणि ज्यांच्या हुकमामुळे गावं मेली त्यांना मेलेल्यांशेजारी का, असं विचारलं गेलं. काही कोरियन कुटुंबांनी नाव कोरायला नकार दिला. तो नकार मान्य करणंही या कामाचा भाग आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव कोरू नये.

पानिपतचा काला आंब ही कुंपणातली छोटी जागा आहे. 14 जानेवारी 1761ची लढाई मात्र कित्येक किलोमीटरवर पसरली होती आणि तो भाग आज शेती आणि वस्तीखाली आहे. तिथे नावांची भिंत आमच्या मते चुकीची ठरेल. सरदारांची नावं मिळतात. बुणग्यांची, यात्रेकरूंची, बायकांची मिळत नाहीत. मग भिंत पुन्हा सरदारांचीच होईल. त्यापेक्षा छावणी कुठे होती, पाणी आणि रसद कशी तुटली, हे दाखवणारा जमिनीवरचा मोठा नकाशा आणि दोन्ही फौजांच्या मृतांसाठी निनावी दगड असावेत.

आमच्या आजोबांचे भाऊ मणिपूरमध्ये मराठा पलटणीत पडले. तिथे काही आहे का? नाव कसं शोधायचं? (वाचक, सातारा)

मार्च 1944 मध्ये उखरूलच्या वाटेवरच्या सांगशाक गावी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन 50व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांना अडवत होती. इंफाळच्या दक्षिणेला, टिड्डिम रस्त्यावरच्या लाल टेकडीजवळ 2019 मध्ये जपानी संस्थेच्या मदतीने इंफाळ शांती संग्रहालय उघडलं. शेजारी 1994चं जपानने बांधलेलं शांतीस्मारक आहे. दोन्ही एकाच दिवसात पाहता येतात.

नाव शोधायला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं संकेतस्थळ वापरा. हिंदू सैनिकांना बहुधा कबर नसते. त्यांची नावं दहनस्मारकाच्या किंवा बेपत्तांच्या यादीत असतात, म्हणून फक्त दफनभूमी शोधून थांबू नका. तिथलं इंग्रजी लेखन कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं: जाधव हे जाधाव, जाधो असंही सापडतं, शिंदे हे सिंदे असंही. आडनाव नसेल तर नुसतं नाव आणि रेजिमेंट टाका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. ओळख त्यावरून पटवा. घरात जुनं पेन्शनचं पुस्तक किंवा पदक असेल तर त्यावरचा सेवा क्रमांक उतरवून घ्या. पदकाच्या कडेवर तो कोरलेला असू शकतो, भिंगातून पाहा.