सोसायटीच्या बागेत मातीच्या ओलाव्याचा सेन्सर किती खोल पुरावा? (पुणे, काळी माती)

हिरवळीखाली १०-१५ सेंटीमीटर, झाडाजवळ ३०-४५ सेंटीमीटर. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक याच थरात असतात. कपॅसिटिव्ह सेन्सरच (धातू उघडा न ठेवता, झाकलेल्या पट्टीने ओलावा मोजणारा) घ्या, कारण उघड्या दांड्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर ओल्या मातीत लवकर गंजतो. सर्किटला आणि पट्टीच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा, नाहीतर पाणी आत शिरतं. खरी अडचण काळ्या मातीची: उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते, पट्टीभोवती हवेची फट पडते आणि माती ओली असूनही आकडा कोरडा येतो. म्हणून त्याच खड्ड्यातल्या मातीचा चिखल करून सेन्सरभोवती घट्ट दाबा. पुरण्याआधी तीच माती पूर्ण वाळवून आणि भिजवून निथळल्यावर, असे सेन्सरचे दोन आकडे नोंदवून ठेवा, म्हणजे पुढचे आकडे त्यांच्याशी ताडता येतील. बागेत राडारोड्याची भर असेल तर मात्र एका सेन्सरवर विसंबू नका, दोन हातांच्या अंतरावर ओल बदलते.