ग्राहकांचे प्रश्न : मोटारीची वाढीव वॉरंटी रद्द करायची आहे

प्रश्न : यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर आम्ही जळगावच्या एका शोरूममधून मोटार घेतली. कोटेशनमध्ये ‘इतर’ या शीर्षकाखाली ‘ई. डब्ल्यू.’ एवढीच अक्षरे होती. ती वाढीव वॉरंटी असून तिचे 21,240 रुपये आपण मोजले आहेत, हे घरी फाईल चाळताना कळले. ती रद्द करा म्हटले, तर ‘नोंद कंपनीकडे गेली, जीएसटीही भरला, आता काही होणार नाही’ असे सांगतात. पैसे परत मिळतील का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे, मात्र त्यासाठी सेल्समनशी फोनवर वाद घालणे थांबवून लेखी मागणी करावी लागेल. जीवन व आरोग्य विम्याची पॉलिसी न पटल्यास परत करायला 30 दिवस मिळतात, तशी सरसकट मुदत वाढीव वॉरंटीसाठी कायद्याने दिलेली नाही. त्यामुळे वॉरंटीच्या सर्टिफिकेटसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील अटी आधी वाचाव्यात. रद्द करण्याची मुदत, होणारी कपात आणि अर्ज कोणाकडे करायचा, हे तिथेच सापडते. सर्टिफिकेट मोटार बनवणाऱ्या कंपनीचे आहे, शोरूमचे आहे की तिसऱ्याच एखाद्या संस्थेचे, हेही पाहावे, कारण पुष्कळ अर्ज चुकीच्या दारात पडून राहतात.

आपली खरी जमेची बाजू वेगळीच आहे. कंपनीची मूळ वॉरंटी दोन-तीन वर्षांची असते आणि वाढीव वॉरंटी ती संपल्यावरच सुरू होते. सर्टिफिकेटवर ‘पासून’ या शब्दापुढे छापलेली तारीख पाहिली, तर ती अजून फार दूर असल्याचे आपल्या लक्षात येईल. म्हणजे ज्या सेवेचे पैसे घेतले, तिचा एक दिवसही आपण वापरलेला नाही. हे वाक्य अर्जात जसेच्या तसे लिहावे.

जीएसटीची सबब मात्र टिकणारी नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 च्या कलम 34 नुसार विक्रेत्याला क्रेडिट नोट (बिलातील रक्कम कमी केल्याचा कागद) काढून भरलेल्या कराचा मेळ घालता येतो आणि त्यासाठी त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत अवधी असतो. आखाजी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच येते, त्यामुळे आपल्या शोरूमच्या हाती अजून जवळजवळ दीड वर्ष आहे. मूळ 18,000 रुपये आणि त्यावरील 18 टक्के कराचे 3,240 रुपये अशा दोन्ही रकमा अर्जात वेगळ्या दाखवून मागाव्यात.

अर्ज शोरूमच्या व्यवस्थापकाला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेलने व स्पीड पोस्टाने पाठवावा. त्यात बिलाचा क्रमांक, चासी क्रमांक, डिलिव्हरीची तारीख, एकही दावा केला नसल्याचा उल्लेख आणि बँक खात्याचा तपशील असावा. वॉरंटी घेण्यास आपण ज्या कागदावर संमतीची सही केली, त्याची प्रतही मागावी. असा कागद नसेल, तर शोरूमची बाजू आपोआप लंगडी पडते. वॉरंटी घेतल्याशिवाय गाडीच मिळणार नाही असे सांगितले गेले असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या दृष्टीने ती प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. मूळ सर्टिफिकेट पोच घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये.

दाद लागली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

तरीही रद्द करण्यापूर्वी एक विचार करावा. गाडी ऑटोमॅटिक असेल आणि सहा-सात वर्षे वापरायची असेल, तर ही रक्कम वाया गेली असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर योजनेत आहे का, हे आवर्जून पाहावे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर अशा झिजणाऱ्या वस्तू मात्र सहसा वगळलेल्या असतात, आणि सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी न करता ओळखीच्या गॅरेजमध्ये करणाऱ्याचा दावा हमखास अडतो. अनेक कंपन्या मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी केव्हाही ही योजना विकतात. तेव्हा किंमत थोडी जास्त पडते, पण आज रद्द केल्याने दार बंद होत नाही.

प्रश्न : आमची वॉरंटी रद्द झाली, पण तिची रक्कम कर्जात धरलेली होती. आता हप्ता कमी होईल का? – एक वाचक, शहादा

उत्तर : आपोआप होणार नाही. परतावा कोणाच्या खात्यात गेला, हे शोरूमकडून लेखी घ्यावे, कारण कर्जाचे पैसे बँकेने थेट शोरूमला दिले असतील, तर तो बँकेकडेही जाऊ शकतो. तसे झाले असल्यास ती रक्कम मुद्दलात वळती करून हप्त्यांचे सुधारित वेळापत्रक द्यावे, असा अर्ज बँकेत करावा. परतावा आपल्या खात्यात आला असेल, तर अंशतः परतफेडीवर किती शुल्क लागते ते आधी कर्जकरारात पाहावे. शुल्क जास्त असेल तर पैसे स्वतःकडे ठेवलेले बरे.