चालू मशीनमधून डिस्क काढताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या चालू व्हर्च्युअल मशीनला डिस्क जोडण्याचा भाग पहिल्याच दिवशी जमला, पण काढण्याचा भाग ‘कधी चालतो, कधी नाही’, असे तू कळवले आहेस. तुझी स्क्रिप्ट मी अजून पाहिलेली नाही, तरी दोष बहुधा कुठे असेल याचा अंदाज आहे, कारण तीच चूक मी स्वतः केलेली आहे.

आधी जोडण्याविषयी थोडे. डिस्कचे दोन भाग असतात. होस्टवरची (मशीन चालवणाऱ्या खऱ्या संगणकावरची) फाइल किंवा ब्लॉक डिव्हाइस उघडणारा मागचा भाग ‘ब्लॉकडेव्ह-ॲड’ या कमांडने तयार होतो आणि गेस्टला (व्हर्च्युअल मशीनमधल्या प्रणालीला) दिसणारा पुढचा भाग ‘डिव्हाइस-ॲड’ने. हा पुढचा भाग कोणत्या बसवर (डिव्हाइस जोडण्याच्या मार्गावर) बसवायचा याचा विचार मात्र मशीन सुरू करण्यापूर्वीच झालेला असावा लागतो. आयडीई या जुन्या प्रकारच्या बसवर हॉटप्लग, म्हणजे चालू मशीनला डिस्क जोडणे-काढणे, चालत नाही. खऱ्या साटा डिस्क चालू यंत्रात बदलता येत असल्या, तरी क्यूईएमयूच्या एएचसीआय या साटा कंट्रोलरमध्ये ती सोय नाही, आणि इथे बरेच नवखे अडखळतात. क्यू-३५ या क्यूईएमयूच्या मशीन-प्रकाराचा मूळ बसही चालू अवस्थेत नवे डिव्हाइस स्वीकारत नाही. त्यासाठी रिकामे रूट पोर्ट (डिव्हाइस बसवण्याच्या जागा) सुरुवातीलाच ठेवावे लागतात आणि व्हर्टआयओ या व्हर्च्युअल मशीनसाठीच्या पद्धतीची प्रत्येक व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्क एक पोर्ट अडवते. डिस्कची ये-जा वारंवार होणार असेल, तर एकच व्हर्टआयओ-स्कझी कंट्रोलर आधीपासून लावून ठेवावा आणि त्याच्याखाली हव्या तितक्या डिस्क जोडाव्यात, असे माझे मत आहे.

आता मुख्य मुद्दा. पुढचा भाग काढण्यासाठी दिले जाणारे ‘डिव्हाइस-डेल’ हा हुकूम नसून गेस्टला केलेली विनंती आहे. तिला लगेच रिकाम्या कंसांचे यशस्वी उत्तर येते. त्याचा अर्थ एवढाच, की विनंती पोहोचवण्यासाठी स्वीकारली गेली. गेस्टच्या कर्नलने ती ऐकून डिव्हाइस सोडले, की मगच ‘डिव्हाइस-डिलीटेड’ ही घटना (क्यूईएमयूने पाठवलेली सूचना) येते आणि तोपर्यंत डिस्क जोडलेलीच असते. गेस्ट अजून बूटलोडरमध्ये असेल, थांबवून ठेवलेला असेल किंवा कोलमडलेला असेल, तर ऐकणारे कोणीच नसते.

माझ्या स्क्रिप्टने ते रिकामे उत्तर पाहिले आणि पुढच्याच ओळीत डिस्कची फाइल पुसून टाकली. गेस्ट तेव्हा नुकताच रीबूट होऊन बूटलोडरमध्ये होता. फाइलचे नाव डिरेक्टरीतून गेले, परंतु क्यूईएमयूने ती उघडी धरलेली असल्यामुळे गेस्ट रात्रभर त्या निनावी फाइलवर निर्धास्तपणे लिहीत राहिला. सकाळी मशीन बंद केले आणि जागेबरोबर डेटाही गेला. पुसण्यापूर्वी मागचा भाग काढणारे ‘ब्लॉकडेव्ह-डेल’ मी दिले असते, तर वापरात असलेला नोड (म्हणजे तोच मागचा भाग) काढायला क्यूईएमयूने साफ नकार दिला असता आणि चूक तिथेच उघडी पडली असती. म्हणून जोडल्याच्या उलट क्रमाने काढावे: आधी पुढचा भाग, मग घटनेची वाट, मग मागचा भाग, आणि फाइलला हात सगळ्यांत शेवटी.

घटना वाचतानाही एक खाचखळगा आहे. व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्क काढली, की ‘डिव्हाइस-डिलीटेड’ दोनदा येते. पहिली आतल्या व्हर्टआयओ घटकाची असते आणि तिच्यात फक्त पाथ, म्हणजे त्या घटकाचा क्यूईएमयूमधला पत्ता, असतो. तू दिलेला आयडी दुसरीत असतो. जी स्क्रिप्ट नुसते घटनेचे नाव पाहून पुढे सरकते, ती क्षणभर आधीच निघते आणि मग ‘ब्लॉकडेव्ह-डेल’ कधी चालते, कधी नाही. तुझे वर्णन मला इथेच जुळते आहे असे वाटते. प्रत्येक डिव्हाइसला आयडी द्यावा आणि त्याच आयडीची घटना येईपर्यंत थांबावे.

गेस्टने ऐकले म्हणजे सगळे सुरळीत झाले असेही नाही. फाइल सिस्टीम माउंट केलेली आहे म्हणून लिनक्स डिस्क सोडायला नकार देईल, अशी अनेकांची समजूत असते; प्रत्यक्षात तो डिस्क सोडून देतो आणि वर बसलेल्या प्रोग्रामांना आय-ओ त्रुटी दिसू लागतात. त्यामुळे आधी गेस्टमध्ये अनमाउंट करावे, एलव्हीएम (डिस्कची जागा गटांत वाटणारी लिनक्सची सोय) असेल तर व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय करावा. कोणती डिस्क हे ‘व्हीडीबी’सारख्या नावावरून ठरवू नये, कारण ती नावे जोडण्याच्या क्रमाने पडतात; डिस्कला सीरियल (ओळख क्रमांक) द्यावा, म्हणजे ती लिनक्सच्या ‘बाय-आयडी’ डिरेक्टरीखाली त्याच नावाने सापडते. व्हर्टआयओ-ब्लॉकमध्ये हा सीरियल २० अक्षरांपुरताच पोहोचतो, म्हणून लांबलचक यूयूआयडी तिथे कोंबू नये.

राहिली वाट पाहण्याची मुदत. ती संपली तर स्क्रिप्टने नोंद करून थांबावे आणि फाइल जशीच्या तशी ठेवावी. गेस्ट रीसेट झाला, की प्रलंबित काढणी आपोआप पूर्ण होते. पुढच्या पत्रासोबत तुझा घटना वाचणारा भाग तेवढा पाठव.

तुझा हितचिंतक