हेडस्टोनला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: इंग्रजी कथेच्या भाषांतरात 'हेडस्टोन'साठी 'थडगे' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'समाधी' केलं, यातलं बरोबर कोणतं?

माझ्या मते दोन्ही नाहीत. हेडस्टोन म्हणजे पुरलेल्या माणसाच्या उशाशी उभा केलेला, नाव कोरलेला दगड. थडगं म्हणजे वरचं सगळं बांधकाम. दगड हा त्याचा एक भाग, आणि तोही असेलच असं नाही.

हे शब्द वेगळे करायची सोपी खूण म्हणजे त्यांच्याबरोबर येणारं क्रियापद. कबर खोदतात. थडगं बांधतात. दगड बसवतात किंवा उभा करतात. 'थडगं खोदलं' हे कानाला खटकतं, कारण खोदायचा तो खड्डा आणि थडगं त्याच्या वर. (थडगी उकरतात ती नंतर!) म्हणून कथेतली बाई दगडाला हात लावून उभी असेल तर 'कबरीच्या उशाचा दगड', आणि एकदा हे सांगून झालं की पुढे नुसतं 'दगड' पुरे. 'स्मृतिशिला' चुकीचं नाही, पण ती चौकातही असू शकते.

'कबर' अरबीतून आलेला. उर्दू-हिंदीतलं 'कब्र' मराठीत सुटं झालं, जसं 'कद्र'चं 'कदर'. मराठी लिहिताना 'कब्र' नको. 'मकबरा' त्याच धातूचा, पण तो इमारतीसाठी: औरंगजेबाच्या बेगमेचा छत्रपती संभाजीनगरात मकबरा आहे, खुद्द औरंगजेबाची खुलदाबादला उघड्यावर साधी कबर आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा फरकच पुसला जातो. उर्दूत कबरीवरच्या कोरीव मजकुराला 'कतबा' म्हणतात. मुस्लिम पात्राच्या तोंडी तो शोभेल.

'समाधी'चा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. समाधी लागते ती योग्याला, संत समाधी घेतात, शिष्य समाधी देतात आणि मग त्या जागी समाधी बांधतात. ज्ञानेश्वरांनी आळंदीला 1296 मध्ये घेतली ती संजीवन समाधी. नाथ, दशनामी, लिंगायत यांच्यात देह बसलेल्या स्थितीत पुरण्याची चाल आहे, तिथे हा शब्द अगदी चपखल. पण दहन झालेल्यांच्या स्मारकालाही आपण समाधीच म्हणतो, म्हणजे खाली देह असण्याची अट नाही. उलट थडग्याखाली कोणीतरी असल्याचं गृहीत असतं. पुण्यात वानवडीच्या शिंदे छत्रीत महादजी शिंद्यांचं स्मारक आहे. त्याला कोणी थडगं म्हणत नाही. इंग्रज पाद्र्याच्या कबरीला 'समाधी' म्हटलं की तो उगाच साधुपुरुष होतो. संपादकांचा बदल म्हणूनच मला पटत नाही.

'वीरगळ' म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. तो शब्दही इथे वापरू नये. कन्नड 'कल्लु' म्हणजे दगड, त्यावरून तो आला. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्रसूर्य. बोरिवलीच्या एकसरला तर जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. हा दगड पराक्रमाचा असतो, कबरीची जागा दाखवायला नसतो.

भाषांतरात दिशाही सांभाळा. आपल्याकडे मुस्लिम कबर उत्तर-दक्षिण असते, डोकं उत्तरेला, चेहरा पश्चिमेला. म्हणून उशाचा दगड उत्तर टोकाला. ख्रिस्ती परंपरेत डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. आणि पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी दगड बसवू नका! भुसभुशीत माती खचते आणि दगड कलतो. निदान एक पावसाळा जाऊ देणं शहाणपणाचं. जांभा सच्छिद्र असल्यानं त्यावर बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून चौथरा जांभ्याचा असला तरी लेखाची पाटी वेगळ्या दगडाची हवी. संगमरवर उठून दिसतो, पण पावसानं त्यावरची अक्षरं हळूहळू बोथट होतात. काळ्या दगडावर ती जास्त टिकतात.

मराठी अक्षरांतले असे दगड पाहायचे असतील तर रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायली (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) दफनभूमीत पाहा. हिब्रू आणि मराठी दोन्ही लिप्या एकाच दगडावर नांदतात.