विमान उतरण्याआधी पोचलेला निरोप

प्रश्न (एक वाचिका, पेडणे): चवथीसाठी माझा मुलगा दिल्लीहून मोपाच्या विमानतळावर उतरला. विमान जागेवर थांबण्यापूर्वीच दोन तंत्रज्ञ एक खोका घेऊन तिथे उभे असलेले त्याला खिडकीतून दिसले. त्याच विमानाने परत जाणाऱ्यांना नंतर पाऊण तास खोळंबावे लागले म्हणे. विमान हवेत असतानाच त्यातला बिघाड खाली कळतो का? आणि ते पुन्हा उडवायचे की नाही, हे माणूस ठरवतो की संगणक?

उत्तर: बिघाड खाली कळतो आणि निर्णय माणूसच घेतो. विमानांच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडते ते जरा सविस्तर सांगतो.

आजच्या प्रवासी विमानात इंजिनाच्या निकास वायूचे तापमान, कंपन, तेलाचा दाब, झडपांची उघडझाप अशा शेकडो गोष्टी संवेदक सतत मोजत असतात. मात्र हे सगळे आकडे अखंड खाली येत राहतात, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. विमानातला संगणक ठरावीक वेळी, म्हणजे उड्डाणाच्या क्षणी आणि उंचीवर वेग स्थिरावल्यावर, एक छोटा अहवाल तयार करतो. शिवाय एखादे माप मर्यादेबाहेर गेले किंवा एखाद्या यंत्रणेने स्वतःच्या चाचणीत दोष नोंदवला, तर त्याच क्षणी वेगळा निरोप धाडतो. हे निरोप १९७८ पासून वापरात असलेल्या ‘एकार्स’ या व्यवस्थेने जातात, जमिनीजवळ व्हीएचएफ रेडिओवरून आणि समुद्रावर उपग्रहामार्फत. त्याच्या एका खंडात जेमतेम २२० अक्षरे मावतात, त्यामुळे या निरोपाची भाषा जुन्या तारेसारखी तुटक असते. सविस्तर नोंदी विमानातच साठतात आणि उतरल्यावर काढून घेतल्या जातात.

दिल्लीहून गोव्याला यायला सुमारे अडीच तास लागतात. निघाल्यावर वीस मिनिटांत एखाद्या झडपेचा निरोप आला, तर कंपनीच्या देखभाल नियंत्रण कक्षाला दोन तास हाताशी मिळतात, आणि या साऱ्या यंत्रणेची खरी कमाई मला तरी या दोन तासांतच दिसते. तेवढ्यात त्या विमानाच्या मागच्या आठवड्याच्या नोंदी चाळता येतात, आणि लागणारा भाग स्थानिक भांडारात आहे की मुंबईहून पुढच्या विमानाने मागवायचा, हेही पाहता येते, कारण लहान तळांवर सुट्या भागांचा साठा मोजकाच असतो. आपल्या मुलाने पाहिलेला खोका बहुधा अशाच तयारीतला असावा.

पण निरोप म्हणजे निदान नव्हे. माझ्या नोकरीतली एक रात्र सांगतो. पावसाळा होता आणि उजव्या इंजिनाचे कंपन वाढल्याचा निरोप सलग दुसऱ्या फेरीत आला होता. कागदावर पाहिले तर पंख्याचे एखादे पाते दुखावले असावे, असे कोणालाही वाटले असते. परंतु कंपनाचा आकडा इंजिनाच्या फिरण्याच्या वेगाबरोबर चढत नव्हता; तो मध्येच उडी मारून वर जात होता आणि तापमान व तेलाचा दाब जागचे हलत नव्हते. आम्ही विजेरीच्या उजेडात एकेक पाते हाताने चाचपले, त्यांच्या कडा बोटांनी तपासल्या, आणि कुठेही खरचटलेले नाही याची खात्री झाल्यावर संवेदकाच्या तारेचा जोड उघडला. आत पितळी रंगाच्या पिनांवर खाऱ्या दमट हवेने हिरवट थर धरला होता. जोड साफ केला, इंजिन जमिनीवर चालवून पाहिले, आकडा खाली आला. उलट दुसऱ्या एका विमानाचा आकडा वेगाबरोबर सावकाश चढत होता, आणि तिथे पात्यांच्या मुळाशी वंगण आटलेले निघाले. दोन्ही वेळचा निरोप मात्र अक्षरशः एकच होता.

निर्णयाच्या वेळी अभियंत्यापुढे ‘एमईएल’ म्हणून ओळखली जाणारी मान्यताप्राप्त यादी असते. कोणती उपकरणे बंद असताना आणि कोणत्या अटींवर विमान उडू शकते, हे तीत नोंदलेले असते. काही दोषांना दुरुस्तीसाठी ३ दिवसांची, काहींना १० दिवसांची, तर किरकोळ बाबींना १२० दिवसांची मुदत मिळते. जे यादीत बसत नाही ते दुरुस्त झाल्याशिवाय विमान जागचे हलत नाही. शेवटी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, परवानाधारक अभियंता स्वतःच्या नावाने सही करतो आणि वैमानिक ती नोंद वाचून विमान स्वीकारतो. परतीच्या प्रवाशांचा पाऊण तास या सहीपूर्वीच्या तपासणीत गेला असणार. त्यात चरफडण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही, मात्र कंपन्यांनी खोळंब्याचे कारण ‘तांत्रिक’ या एका शब्दावर न भागवता दोन वाक्यांत सांगायला हरकत नसावी.

अशा निरोपांचा सावकाश होणारा उपयोगही मोठा आहे. इंजिन झिजले की तेवढाच जोर देण्यासाठी ते जास्त इंधन जाळते आणि निकास तापमान हळूहळू वर सरकते. एका फेरीत हे लक्षात येत नाही, पण शेकडो फेऱ्यांचे आकडे शेजारी मांडले की हा चढ स्पष्ट दिसतो. मग इंजिन पाण्याने धुऊन घेण्याची किंवा उतरवण्याची तारीख गर्दीचे दिवस टाळून ठरवता येते.

प्रश्न (एक वाचक, मडगाव): निरोप असे येतच असतील, तर ब्लॅक बॉक्सची गरजच काय?

उत्तर: देखभालीचा निरोप कोणती यंत्रणा बिघडली ते सांगतो, अपघात कसा घडला ते सांगत नाही. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ए-३३० विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळून २२८ जण दगावले. शेवटच्या काही मिनिटांत त्याने देखभालीचे २४ निरोप धाडले होते, आणि त्यांवरून वेगाची मापे एकमेकांशी जुळत नव्हती एवढे लगेच कळले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्यावर विमानकक्षात वैमानिकांनी कोणती हालचाल केली, हे मात्र २०११ मध्ये समुद्राच्या तळातून ब्लॅक बॉक्स वर आले तेव्हाच समजले.