हायड्राचं एक डोकं तोडलं की दोन उगवायची, तर हर्क्युलिसने तिला मारलं कसं? आणि ते काम मोजलं का नाही?

हायड्रा म्हणजे ग्रीक कथेतली अनेक डोक्यांची पाणसापीण, आणि तिला मारणं हे हर्क्युलिसला राजाने सांगितलेल्या कामांपैकी एक. डोकी तोडून हायड्रा संपली नाही, तोडलेल्या जागा लगेच डागल्या म्हणून संपली. खरं तर पुरती संपलीच नाही. तिचं एक डोकं अमर होतं, ते फक्त पुरलं गेलं. काम मोजलं नाही याचं कारण त्या डागणीतच आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो. हर्क्युलिस हे रोमन नाव. ग्रीक कथेत तो हेराक्लीज, म्हणून पुढे तेच नाव वापरतो.

सगळ्यात सविस्तर क्रम अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या कथासंग्रहात मिळतो. हायड्रा राहायची ते लर्ना हे ठिकाण ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, आर्गोस शहराच्या दक्षिणेला, समुद्राजवळ. झऱ्यांचा आणि पाणथळीचा हा भाग. हायड्रा तिथून मैदानात येऊन गुरं मारायची आणि मुलुख उजाड करायची. हेराक्लीज रथातून आला, सारथी होता त्याचा पुतण्या आयोलाउस. अमिमोनी झऱ्याजवळच्या टेकाडावर तिचं बीळ सापडलं. हेराक्लीज आत शिरला नाही. त्याने पेटते बाण मारून तिला बाहेर काढलं आणि बाहेर येताच धरलं. तिने त्याच्या एका पायाला विळखा घातला. त्याने सोट्याने डोकी ठेचायला सुरुवात केली, आणि इथेच फसला: एक ठेचलं की त्या जागी दोन. त्यात एक भलामोठा खेकडा हायड्राच्या मदतीला आला आणि त्याचा पाय चावू लागला. हेराक्लीजने आधी खेकड्याला मारलं आणि मग पुतण्याला हाक मारली.

आयोलाउसने जवळच्या रानाचा एक भाग पेटवला आणि जळती कोलितं घेऊन आला. हेराक्लीज डोकं उडवणार आणि नवं उगवायच्या आत आयोलाउस मानेचं बूड कोलिताने भाजणार, असा तो जोडीचा खेळ होता. डिओडोरस नावाचा इतिहासकार तर कारणही देतो: रक्त वाहायचं थांबावं म्हणून डागायचं. म्हणजे उगवण्याची ताकद त्या वाहत्या रक्तात होती, असा त्याचा अर्थ मी घेतो. एकट्याने हे जमण्यासारखं नव्हतं. एका हातात विळखा सोडवायचा, दुसऱ्या हातात हत्यार, मग कोलीत धरणार कोण? शिवाय तोडणं आणि डागणं यांत थोडाही उशीर झाला की एकाची दोन होऊन हिशेब उलटा फिरणार.

हत्याराबद्दल एक दुरुस्ती. चित्रांत बहुतेकदा तलवार दाखवतात. अपोलोडोरसकडे सोटा आहे, पण त्याच्या कितीतरी आधी युरिपिडीजच्या ‘आयन’ नाटकात डेल्फीच्या मंदिरातलं शिल्प बघणाऱ्या बायका सोन्याच्या विळ्याचा उल्लेख करतात, आणि शेजारी मशाल धरलेल्या आयोलाउसचाही. इ.स.पू. ५२० ते ५१० च्या सुमाराचा पाण्याचा एक रंगीत घडा अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयात आहे. त्यावर हेराक्लीजकडे सोटा, आयोलाउसकडे विळा, मध्ये नऊ माना फाकवलेली हायड्रा आणि खाली पायाकडे येणारा खेकडा. ग्रीक भाषेत अशा घड्याला ‘हायड्रिया’ म्हणतात. घडा आणि राक्षसीण दोघींच्या नावांत ‘पाणी’ हाच शब्द आहे.

डोक्यांच्या आकड्यावरून वाद घालू नका, कारण खुद्द ग्रीकांचंच एकमत नाही. जुना कवी हेसिओड तिला टायफन आणि एकिड्ना या राक्षसी जोडप्याची मुलगी म्हणतो, हेराक्लीजवरच्या रागापोटी हेरा देवीने तिला वाढवलं असंही सांगतो, पण डोकी मोजत नाही. कवी अल्कीयस नऊ सांगतो, सिमोनिडीज पन्नास, डिओडोरस शंभर. अपोलोडोरसची नऊ आज सर्वांत प्रचलित आहेत: आठ मर्त्य आणि मधलं अमर. इ.स. दुसऱ्या शतकात लर्नाला जाऊन आलेला प्रवासी पॉसेनियस मात्र म्हणतो की तो इतर पाणसापांपेक्षा मोठा आणि फार जहरी साप असेल, पण डोकं एकच असणार. कविता जास्त भयंकर वाटावी म्हणून पायसँडर या कवीने डोकी वाढवली, असं तो चक्क लिहितो. मला हा माणूस फार आवडतो. जुन्या कथेवर श्रद्धा ठेवूनही तो प्रश्न विचारतो.

मधल्या अमर डोक्याचं पुढे काय? तोडलं, पुरलं, आणि लर्नाहून एलेअसला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्याच्यावर जड शिळा ठेवली. अमर वस्तू मारता येत नाही, फक्त हलू न देणं आपल्या हातात असतं. ग्रीक कथांत हा नियम वारंवार दिसतो: देवांचा राजा झ्यूसने टायटनांना, म्हणजे आधीच्या पिढीतल्या देवांना, मारलं नाही, जमिनीखाली टार्टारसमध्ये कोंडलं.

आता मोजणीकडे. युरिस्थियस राजाने हेराक्लीजला दहा कामं सांगितली होती. हायड्राचं काम त्याने नाकारलं, कारण आयोलाउसची मदत घेतली. ऑजियस राजाचे गोठे साफ करण्याचं कामही नाकारलं, कारण त्यासाठी मोबदला ठरवला होता. दहा कामांना आठ वर्षं आणि एक महिना लागला, आणि ही दोन बाद झाल्यामुळे हेस्परिडीज या अप्सरांची सफरचंदं आणि पाताळातला कुत्रा सर्बेरस ही दोन आणखी गळ्यात पडली. ‘बारा कामं’ हा आकडा या कथेत असा आला.

खेकड्याला हेराने आकाशात जागा दिली. तीच आपली कर्क रास. तिच्या खालीच आकाशातला पाणसाप सुरू होतो. मराठीत त्या तारकासमूहाला वासुकी म्हणतात, आणि आपलं आश्लेषा नक्षत्र म्हणजे त्याच्या डोक्याकडचे तारे. आपल्याकडेही आश्लेषाची देवता सर्पच आहे. हा साप म्हणजे लर्नाची हायड्रा असं पुष्कळ ठिकाणी वाचाल, पण जुन्या ग्रीक तारकाकथेत तो कावळा आणि प्याला यांच्यासोबतचा अपोलोच्या गोष्टीतला साप आहे. ही गफलत टाळा.

प्रश्नात नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी गोष्ट म्हणजे विष. हायड्रा मेल्यावर हेराक्लीजने तिचं पोट फाडून आपले बाण तिच्या पित्तात बुडवले. त्या क्षणी ती उपयुक्त लूट वाटते. पुढे हेच बाण शत्रू आणि मित्र असा फरक करत नाहीत. सेंटॉरांशी, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा अशा प्राण्यांशी, झालेल्या मारामारीत एक बाण एलाटस या सेंटॉरच्या दंडातून आरपार जाऊन कायरॉन या दुसऱ्या सेंटॉरच्या गुडघ्यात रुतला. हा कायरॉन वीरांचा गुरू आणि वैद्य, तरी ती जखम त्याला बरी करता आली नाही, आणि अमर असल्याने मरताही येईना. त्याच दिवशी फोलस नावाच्या आणखी एका सेंटॉरने एका प्रेतातून बाण उपसला. एवढ्याशा वस्तूने एवढी मोठी देहं कशी पडतात, या नवलाने बघत असताना तो हातातून निसटून पायावर पडला आणि फोलस जागीच गेला.

शेवटचा बळी खुद्द हेराक्लीज. नदी पार करून देताना सेंटॉर नेससने त्याच्या बायकोवर, डायनिरावर, हात टाकला. बाण लागून मरताना त्याने तिला सांगितलं की माझं हे रक्त जपून ठेव, नवऱ्याचं मन उडालं तर उपयोगी पडेल. त्या रक्तात हायड्राचं विष होतं. सोफोक्लीजच्या ‘ट्राकिसच्या स्त्रिया’ या नाटकात तिने ते उन्हापासून आणि आगीपासून दूर ठेवलेलं असतं. हेराक्लीजने आयोली या दुसऱ्या स्त्रीला घरात आणल्यावर डायनिरा लोकरीच्या गुच्छाने ते त्याच्यासाठीच्या अंगरख्याला लावते आणि गुच्छ उन्हात फेकते. थोड्या वेळाने बघते तर लोकर भुशासारखी चुरून गेलेली, आणि जमिनीतून द्राक्षाच्या रसासारखा फेस उकळून वर येतोय. तोपर्यंत अंगरखा रवाना झालेला असतो. तिकडे यज्ञाच्या ज्वाळेने हेराक्लीजला घाम फुटतो आणि कापड कातडीला चिकटतं. वेदना असह्य झाल्यावर ईटा पर्वतावर तो स्वतःची चिता रचायला लावतो. ती पेटवायला कुणी धजत नाही. एका कथेप्रमाणे फिलोक्टीटीज नावाचा वीर पेटवतो आणि धनुष्यबाण त्याला मिळतात. ट्रॉयच्या युद्धात तिथला राजपुत्र पॅरिस याला त्याच बाणांपैकी एक लागला.